सरोजिनी पट्टी

प्रफुल्लने बॉक्स बेडची फळी वर उचलली, ती डोक्याने तोलून धरली आणि एका हाताने हार्मोनियमची पेटी आत सारायला सुरुवात केली. आत रजया होत्या, समताच्या माहेरची पितळी भांडी होती, आणि एक सुटकेस होती जिची किल्ली हरवली होती. पेटी काही बसेना. शेवटी त्याने एक रजई बाहेर ओढली, तिच्या जागी पेटी टेकवली आणि वरून तीच रजई तिला नीट पांघरली.

दारात समता उभी होती.

"पेटीला थंडी वाजतेय का?"

"हळू बोल ना."

"कुणासाठी हळू? आई खाली फिरायला गेल्यात. आणि अहो, मे महिना आहे."

प्रफुल्लने फळी सोडली. ती एवढ्या जोरात आदळली की खालच्या मजल्यावरच्या गुप्ता आंटींनाही कळलं असेल. सरकारी नोकरीत माणूस लपवाछपवीत तरबेज होतो अशी लोकांची समजूत असते. मंत्रालयातल्या ह्या सेक्शन ऑफिसरला एकदा पाहिलं असतं तर ती राहिली नसती.

"ती मुलं आली की पेटीबद्दल विचारणार," तो म्हणाला. "पेटी समोर दिसली तर विषय निघणारच. आईसमोर तो निघायला नको."

"सतरा वेळा सांगितलं, सांगून टाका आईंना. एवढं काय त्यात?"

"तुला नाही कळायचं."

समताला चांगलं कळत होतं. सगळी हकीकत तिला लग्नानंतर लगेचच सांगून झाली होती, वर शपथही घालून झाली होती.

हकीकत अशी, की नव्वदच्या दशकात दिल्लीतल्या सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरांत ह्या प्रफुल्लने, उन्मेषने आणि श्यामने मिळून एक रॉक बँड काढला होता. क्वार्टरं टाइप टूची, म्हणजे दोन खोल्यांची, म्हणून बँडचं नावही 'टाइप टू'. उन्मेष गायचा, श्याम ड्रम बडवायचा, प्रफुल्ल गिटार वाजवायचा आणि गाणी लिहायचा. देशात तेव्हा नुकताच केबल टीव्ही आला होता, खाली बाजारात परदेशी बँडांचे टी-शर्ट ढिगाने मिळत होते. ते टी-शर्ट घालून ही पोरं हिंदीत गायची. गाणी कशावर, तर पाण्याच्या टँकरवर, कूलरच्या घरघरीवर, बापाची बदली झाली म्हणून कॉलनी सोडून गेलेल्या मुलीवर. स्वतःच्या खर्चाने त्यांनी एक कॅसेट काढली. ती मुख्यतः नातेवाइकांनी घेतली, आणि नातेवाइकांनी एकदाच ऐकली.

गिटार लावायला एखादा पक्का सूर लागतो. ट्यूनर नावाचं यंत्र असतं हेच पोरांना ठाऊक नव्हतं. घरात प्रफुल्लच्या आईची, लीलाबाईंची पेटी होती, नागपूरहून आलेली. चौदा एप्रिलला कॉलनीतल्या पार्कात भीमगीतं व्हायची ती त्याच पेटीवर. पोरांनी गिटार पेटीवर लावली, उन्मेषचा गळा गिटारीला जुळला, आणि दर रविवारी त्या दोन खोल्यांत असा काही दणदणाट सुरू झाला की विचारता सोय नाही. शेजारी भांडायला आले की लीलाबाई दारात कमरेवर हात ठेवून उभ्या राहायच्या. त्यांच्या तोंडाला लागायची कुणाची टाप नव्हती.

मग एका मोठ्या कॉलेज फेस्टिव्हलची फायनल आली. फायनलला आयोजकांचा कीबोर्डवाला सगळ्या बँडांच्या साथीला बसायचा, असा नियम होता. पहिलाच सूर वाजला आणि घोटाळा झाला. कीबोर्ड एकीकडे, हे तिघे भलतीकडे. उन्मेषने घाबरून मान वळवली, प्रफुल्लने घाईघाईने तारा पिळल्या, आणखीच विचका झाला. समोरच्या गर्दीने 'बेसुरे, बेसुरे' असा ठेका धरला. दुसऱ्या कॅसेटचं बोलायला आलेला कंपनीचा माणूस पहिल्या रांगेतून उठून गेला. विंगेत कीबोर्डवाल्याने बिचाऱ्याने समजावून सांगितलं, भाई, तुम्हारा पूरा सुर ही नीचे बैठा है, दोन सुरांच्या मध्ये कुठेतरी. कशावर लावता तुम्ही गिटार?

तिघांनी त्याच रात्री बसस्टॉपवर ठरवलं, आईला हे सांगायचं नाही. प्रफुल्लचे वडील तो पहिलीत असतानाच कावीळ होऊन गेले होते. त्यांच्या जागी ऑफिसात लागून, क्वार्टर टिकवून, लीलाबाईंनी त्याला वाढवलं होतं. 'ह्या पोट्ट्यांना सूर मी दिला' हे त्या कॉलनीभर सांगत फिरायच्या. तोच सूर खोटा निघाला आणि त्यानेच पोरांना बुडवलं, हे त्यांना सांगायला कुणाची जीभ उचलणार? प्रफुल्लने घरी येऊन सांगितलं, जज विकले गेलेले होते. लीलाबाईंनी त्या जजांना पुढे कित्येक वर्षं मनापासून शिव्या घातल्या.

बँड मोडला. उन्मेष बंगळुरूला गेला, श्याम विमा कंपनीत चिकटला, प्रफुल्ल परीक्षा देऊन मंत्रालयात. क्वार्टर सुटलं आणि दिल्लीलगतच्या वैशालीतल्या ह्या सोसायटीत फ्लॅट झाला. आता तर मेट्रोही दारापर्यंत आली. टाइप टूचं नाव घरात निघेनासं झालं होतं. आणि परवा अचानक मुनिरक्याहून एका मुलीचा फोन, भेटायला येऊ का म्हणून. कुणीतरी ती कॅसेट इंटरनेटवर चढवली होती म्हणे. मुनिरक्यातल्या भाड्याच्या खोल्यांत, कॉलेजांच्या हॉस्टेलांत पोरं ती ऐकतात. गिटार त्या तसल्या सुरात लावण्याला त्यांनी नावसुद्धा ठेवलं होतं: सरोजिनी. 'गिटार सरोजिनीत लाव' म्हटलं की दिल्लीतल्या नव्या बँडवाल्यांना कळतं.

प्रफुल्ल फोन ठेवून बराच वेळ बाल्कनीत उभा राहिला होता. आनंदाने त्याला हसू येत होतं आणि भीतीने घाम फुटत होता.

बेल वाजली.

दारात लीलाबाई होत्या आणि त्यांच्या मागे पाठीवर गिटार घेतलेला एक लांबडा मुलगा व केस आखूड कापलेली एक मुलगी.

"जय भीम म्हणा रे, आपलंच घर आहे," लीलाबाई त्यांना आत घेत म्हणाल्या. "गेटवर उभी होती बाप्पा, ह्या उन्हात. तो गार्ड सोडत नव्हता. मी विचारलं कुणाकडे, तर तुझंच नाव. तुझे भक्त आहेत म्हणे. मला सांगितलं नाहीस ते?"

"सांगणारच होतो," प्रफुल्ल म्हणाला.

समता तोंड फिरवून पाणी आणायला गेली.

मुलीचं नाव कृतिका, मुलाचं इंद्रजित. दोघंही दिल्लीतच वाढलेली मराठी पोरं. सोफ्याच्या कडेवर अवघडून बसली होती. कृतिका प्रफुल्लकडे अशी बघत होती की त्याने उगाचच शर्टाची वरची गुंडी लावली.

"काका, यू नो, तुमची कॅसेट ऐकली नसती तर मी गाणंच सुरू केलं नसतं," ती म्हणाली. "म्हणजे मला वाटायचं, रॉक म्हणजे ते सगळं दूरचं. आणि इथे कुणीतरी टँकरवर गातंय! आमच्या द्वारकेत पण तोच टँकर यायचा."

"अच्छा," प्रफुल्ल म्हणाला.

"शनिवारी गुडगावला आमचा शो आहे. मॉलच्या बाहेर, मोठं स्टेज. शेवटचं गाणं आम्ही तुमचं करणार. परमिशन पाहिजे."

"अगं, परमिशन कसली त्यात. करा ना. बिल्कुल करा."

लीलाबाई पंख्याखाली खुर्ची ओढून बसल्या होत्या आणि मुलाकडे बघत होत्या. त्यांचा चेहरा असा खुलला होता की समतालाही भरून आलं. तिने चिवड्याची बशी सगळ्यांच्या मधोमध ठेवली.

"आणि एक विचारायचं होतं," इंद्रजित म्हणाला.

प्रफुल्लचा हात चिवड्याच्या बशीत थांबला.

"यावर नेटवर भांडणं होतात, काका. तुमचा सूर असा मधेच का आहे? अर्धे लोक म्हणतात, तुम्ही मुद्दाम लावलात. बाकीचे म्हणतात, कॅसेटच्या मशीनचा वेग चुकला होता, बस, बाकी काही नाही. शोच्या आधी खरं काय ते तुमच्याकडूनच ऐकायचं होतं."

प्रफुल्लने आईकडे पाहिलं नाही. बशीतला एक शेंगदाणा उचलला, परत ठेवला.

"कॅसेटच," तो म्हणाला. "स्वस्तातली मशीन होती रेकॉर्डिंगवाल्याकडे. वेग चुकायचा तिचा."

इंद्रजितचा चेहरा पडला. पार पडला. कुणी आपल्या आवडत्या माणसाबद्दल वाईट बातमी सांगावी तसं त्याला झालं असावं.

"म्हणजे चूकच होती."

"हो. मशीनची."

"मग शनिवारी नॉर्मलच लावू या," तो कृतिकाला म्हणाला. "उगाच लोकांना सांगत बसलो आपण. सरोजिनी वगैरे काही नाहीच."

"पण नॉर्मलमध्ये ते गाणं मी गाऊन बघितलंय, यार," कृतिका म्हणाली. "कुणाचंही वाटतं ते मग."

प्रफुल्लने आयुष्यात एकच गोष्ट अशी केली होती की जी दुसऱ्या कुणी उचलून पुढे नेली, आणि ती तो आत्ता, चिवडा खाता खाता, स्वतःच्या हाताने पुसून टाकत होता. पण समोर आई बसली होती. त्याने बशी मुलांकडे सरकवली.

"मला ऐकवा बरं एकदा," लीलाबाई म्हणाल्या. "तुम्ही कसं म्हणता ते."

"आई, राहू दे, त्यांना उशीर होईल."

"काहून उशीर? आत्ता तर आले."

इंद्रजितने गिटार बाहेर काढली. ती अजून सरोजिनीतच लावलेली होती. कृतिकाने डोळे मिटले आणि टँकरचं गाणं सुरू केलं, रांगेतल्या बादल्यांचं पहिलं कडवं. आवाज पातळ होता पण मनापासून लागलेला. समता स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत थांबली. लीलाबाई खुर्चीत पुढे सरकल्या, आणि मग हळूहळू त्यांचा उजवा हात मांडीवर हलायला लागला, पेटीवर चालावा तसा.

कडवं संपलं. लीलाबाईंनी प्रफुल्लकडे पाहिलं.

"खोटं काहून बोलतोस रे त्या लेकरांशी?"

"आई—"

"मशीन कसली आली? पेटीवर लावायचे तुम्ही गिटार. माझ्यासमोर लावायचे. हा सूर माझ्या पेटीचा आहे, मला ओळखू येत नाही का?" त्या उठल्या. "पेटी कुठंय माझी?"

प्रफुल्ल चिवड्यात शेंगदाणे शोधायला लागला.

"समता, पेटी कुठंय?"

"बेडमध्ये आहे, आई," समता म्हणाली. तिला हसू आवरत नव्हतं. "रजईत गुंडाळून ठेवलीय ह्यांनी."

इंद्रजितने आणि समताने मिळून पेटी बाहेर आणली. लीलाबाईंनी सतरंजीवर बसून तिच्यावरचा रजईचा कापूस झटकला, मुलाकडे एक जळजळीत कटाक्ष टाकला आणि भाता मारला. एक सूर धरला. इंद्रजितने गिटारीच्या तारेवर तोच सूर शोधला. दोन्ही आवाज एकमेकांत असे बसले की कुठला कुणाचा ते सांगता येईना.

"ओ तेरी!" इंद्रजित ओरडला. "हीच! हीच ती! कृतिका, मशीन नाही, ही पेटी!" आणि मग त्या भरात तो म्हणून गेला, "म्हणजे आजी, तुमची पेटीच उतरलेली होती!"

झालं. ज्यासाठी एवढा खटाटोप केला ते त्या पोराने एका दमात बोलून टाकलं. प्रफुल्लने डोळे मिटून घेतले.

"उतरलेली म्हणजे?" लीलाबाईंनी विचारलं.

इंद्रजित गोंधळला. आपलं काहीतरी चुकलं हे त्याला कळलं, काय चुकलं ते कळलं नाही. प्रफुल्ल सोफ्यावरून उठून आईसमोर सतरंजीवर बसला.

"जगात बाकी सगळी वाद्यं ज्या सुरात असतात ना, त्याच्या जरा खाली आहे ही. आम्हाला तरी कुठं माहीत होतं! त्या फायनलला कीबोर्ड दुसऱ्या सुरात होता, आपला हा. म्हणून हरलो आम्ही. जज वगैरे काही विकले गेले नव्हते."

"म्हणून हरलात?"

"हो."

"मला का नाही सांगितलं?"

"तुला वाईट वाटलं असतं. आपल्यामुळे पोरांचं वाटोळं झालं असं घेऊन बसली असतीस तू."

लीलाबाईंनी भात्यावरचा हात काढला.

"इतकी वर्षं हे पोटात ठेवलंस? आणि मी त्या जजांना शिव्या घालत राहिले, तू ऐकत राहिलास?" त्यांना एकदम हसू फुटलं. हसता हसता त्यांनी पदराने डोळे टिपले. "येडा रे येडा. अरे, माझ्यामुळे कशाला? तुझ्या बाबांमुळे म्हण."

"बाबांमुळे?"

"पेटी उतरली नाही बाबा. उतरवून घेतली होती."

त्यांनी पेटीवरून हात फिरवला.

"त्यांचा गळा तसा होता. पांढरी एकमधे गायला बसले की दबायचा, काळी एकमधे ताणायचा. मधली पट्टी पेटीत नसते. लग्न झालं त्या वर्षी इतवारीतल्या पेटीवाल्याकडे दिवसभर बसले. ते गात होते, तो कानशीने पेटीतली एकेक पितळी पत्ती घासत होता. सगळ्याच्या सगळ्या त्यांच्या गळ्याला लावून घेतल्या. पेटीवाला म्हणाला, वाल्मीकराव, ही आता दुसऱ्या कुणाच्या कामाची राहिली नाही. हे म्हणाले, दुसऱ्या कुणाला द्यायचीच कुठं आहे?"

समता येऊन त्यांच्याजवळ बसली. कृतिका आणि इंद्रजितही कधी खाली उतरून बसले ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

"ते गेले तेव्हा मला वाटलं, गेला हा सूरही," लीलाबाई म्हणाल्या. "मी आपली चौदा एप्रिलला वाजवायचे, पण म्हणणाऱ्यांना ती पट्टी झेपत नव्हती. आणि मग तुम्ही पोट्टे आलात. तो उन्मेष गायला लागला. आवाज त्याचा वेगळा, गाणं तर काय, बादल्यांचं आणि टँकरचं. पण जागा तीच. अगदी तीच. तुम्हाला वाटायचं, आई आत चहा करतेय. मी गॅस बंद करून उभी राहायचे आत. शेजारपाजार बोंबलायचा, मी म्हणायचे बोंबला. मला किती बरं वाटायचं रे, तुला काय सांगू."

प्रफुल्ल पेटीच्या पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांकडे बघत राहिला.

"आई, मला बाबांचा आवाज आठवत नाही," तो शेवटी म्हणाला. "चेहरा आठवतो. पायातल्या चपला आठवतात. आवाज आठवायचा मी खूप प्रयत्न केला. काहीच आठवत नाही."

"कसा आठवेल? एवढासा होतास. टेप तरी होता का तेव्हा आपल्याकडे."

मग इंद्रजितने घसा साफ केला. त्याने हळूच विचारलं, "आजी, आम्ही शनिवारी ह्याच पट्टीत गायलं तर चालेल?"

"चालेल म्हणजे? एक तार हलवलीस तर बघ!" लीलाबाई म्हणाल्या, आणि सगळेच हसले.

"मग ह्या पेटीचा एकेक सूर रेकॉर्ड करून घेऊ का? म्हणजे पुढे कुणी विचारलं तर आमच्याकडे पक्का असेल. ट्यूनरवर नाही, ह्याच्यावर लावू."

लीलाबाईंना हे फार पसंत पडलं. त्यांनी पेटी आपल्याकडे ओढली, मग काही मनात येऊन तिचं तोंड प्रफुल्लकडे वळवलं. त्या मागच्या बाजूला सरकल्या आणि त्यांनी भात्याला हात घातला.

"सूर तू धर. भाता मी मारते. ही पहिली काळी. इथून सूर उचलायचे तुझे बाबा."

प्रफुल्लने बोट ठेवलं. लीलाबाईंनी भाता मारला. सूर निघाला आणि खोलीभर झाला, जाडसर, थोडा घोगरा, ना वर ना खाली. इंद्रजितने फोन पेटीजवळ धरला. प्रफुल्ल मान खाली घालून ऐकत होता. कधीतरी त्याचे खांदे हलायला लागले. समताने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"झाला हा, काका," इंद्रजितने फोनकडे बघत सांगितलं. "आता पुढचा."

प्रफुल्लने बोट उचललं नाही.

"काका, पुढचा धरा."

"राहू दे रे जरा," लीलाबाई इंद्रजितला म्हणाल्या, आणि भाता मारत राहिल्या.